डाग समजून पुसू नका : सच्छिद्र सिलिकॉन आणि रंग बदलणारा प्रकाश



दहावीला 'प्रकाशाचे अपवर्तन' शिकवताना मी दरवर्षी एक वाक्य फळ्यावर चौकटीत लिहायचे. 'प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेला की त्याचा वेग बदलतो, तरंगलांबी बदलते, पण वारंवारता बदलत नाही.' मुलं वाक्य उतरवून घ्यायची आणि आम्ही पुढच्या आकृतीकडे वळायचो.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझा दादा आयटीआयला आहे. तो सांगत होता, हिरव्या लेझरच्या आत आधी न दिसणारा प्रकाश तयार होतो आणि आतला एक खडा त्याचा हिरवा करतो. म्हणजे रंग बदलतोच ना?" वर्ग हसला. मी म्हणाले, "अरे, असं काही नसतं. चौकटीतलं लिहून घे." तो बसला. नंतर वर्षभर त्याने प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढे एकदा वाचताना कळलं की त्याचा दादा बरोबर होता आणि चूक माझी होती. चौकटीतलं वाक्य खोटं नव्हतं, पण त्याला एक अट होती आणि ती मी कधी सांगितलीच नव्हती. त्या अटीचा माग काढताना सच्छिद्र सिलिकॉन नावाचा पदार्थ भेटला. नियमाप्रमाणे ज्याने प्रकाशाची वारंवारता दुप्पट करायलाच नको, तोच पदार्थ भोकं पाडून थरांत रचला की ते काम करू लागतो. आजचा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे. थोडा लांब आहे, पण आठवी-नववीचं गणित येत असेल तर सगळं समजेल.

१. स्पीकर फाटतो तेव्हा काय होतं?

आधी प्रकाश बाजूला ठेवू आणि आवाजाकडे जाऊ. मिरवणुकीतला स्पीकर सगळ्यांनी ऐकलेला आहे. आवाज बेताचा असतो तोवर गाणं स्वच्छ ऐकू येतं. कोणीतरी बटण शेवटपर्यंत फिरवतं आणि आपण म्हणतो, "आवाज फाटला." फाटला म्हणजे नेमकं काय झालं?

स्पीकरचा पडदा विजेच्या धक्क्यानुसार मागे-पुढे हलतो. धक्का दुप्पट झाला तर हालचालही दुप्पट होते. याला आपण रेषीय वागणूक म्हणू, कारण आलेख काढला तर सरळ रेष येते. पण पडद्याला मर्यादा आहे. धक्का फार मोठा झाला की पडदा त्या प्रमाणात हलू शकत नाही आणि आलेख वाकतो. ही अरेषीय वागणूक. आलेख वाकला की गाण्यात मुळात नसलेल्या वारंवारता ऐकू येऊ लागतात. ५०० हर्ट्झचा सूर दिला तर त्याबरोबर १०००, १५०० असे सूर उमटतात. हे नवे सूर स्पीकरच्या वाकलेल्या वागणुकीतून जन्माला येतात.

प्रकाशाचंही तसंच आहे. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग. तो पदार्थात शिरला की तिथल्या इलेक्ट्रॉनांना मागे-पुढे हलवतो आणि हलणारे इलेक्ट्रॉन पुन्हा प्रकाश बाहेर टाकतात. दिव्याचा किंवा सूर्याचा प्रकाश इलेक्ट्रॉनांना इतका हळू हलवतो की धक्का आणि हालचाल यांचं प्रमाण अगदी सरळ राहतं. म्हणून ज्या वारंवारतेचा प्रकाश आत गेला, त्याच वारंवारतेचा बाहेर येतो. आपलं चौकटीतलं वाक्य इथवर शंभर टक्के खरं आहे.

त्याची अट आता लक्षात आली असेल : प्रकाश फार तीव्र नसेल तर!

२. पुसला गेलेला ठिपका

इतका तीव्र प्रकाश माणसाच्या हाती १९६० साली आला. थिओडोर मेमन यांनी त्या वर्षी माणकाचा, म्हणजे रूबीचा, लेझर तयार केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. आत जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी होती ६९४.३ नॅनोमीटर. बाहेर छायाचित्राच्या पट्टीवर लाल झोताचा मोठा ठसा उमटला आणि त्यापासून दूर, सुमारे ३४७ नॅनोमीटरपाशी, एक बारीकसा ठिपका. तरंगलांबी बरोबर निम्मी म्हणजे वारंवारता बरोबर दुप्पट. लाल प्रकाशातून अतिनील प्रकाश निघाला होता.

हे संशोधन 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात छापून आलं. चित्रात ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण आहे, पण बाणाच्या टोकाशी काहीच नाही! छपाईच्या वेळी तो ठिपका कोणाला तरी धूळ किंवा डाग वाटला आणि तो साफ केला गेला, असा किस्सा भौतिकशास्त्राच्या वर्गांत आजही सांगतात. शोध छापला गेला, पण शोधाचा पुरावाच पुसून गेला.

हा किस्सा वाचला तेव्हा मला मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. त्याचा प्रश्नही मी असाच साफ केला होता.

आता यामागचं गणित. इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद असा मांडू :

प्रतिसाद = क × धक्का + ख × धक्क्याचा वर्ग + ग × धक्क्याचा घन

धक्का लहान असेल तर वर्ग आणि घन नगण्य असतात, उरतं फक्त पहिलं पद. धक्का मोठा झाला की दुसरं-तिसरं पद डोकं वर काढतं. प्रकाशाचा धक्का कोसाइन लाटेसारखा असतो, आणि अकरावीचं सूत्र सांगतं :

कोसाइन थीटाचा वर्ग = (१ + कोसाइन दोन थीटा) ÷ २

उजवीकडे 'दोन थीटा' आहे, म्हणजेच दुप्पट वारंवारता. आपण 'पाठ करा, परीक्षेला येतं' म्हणून सांगतो त्याच सूत्रात फ्रँकेन यांचा ठिपका दडलेला आहे. घनाच्या पदातून त्याच रीतीने तिप्पट वारंवारता निघते. हिरव्या लेझरमधली नेहमीची जोडी हीच : आत १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार होतो आणि एक छोटा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. त्या मुलाच्या दादाचा 'खडा' तो हाच.

३. सिलिकॉनला हे का जमत नाही?

मोबाईल असो की संगणक, त्याची चिप सिलिकॉनची. सिलिकॉन मुबलक आहे आणि ते हाताळण्याचं तंत्रही पक्कं बसलेलं आहे. मग वारंवारता दुप्पट करणारा स्फटिक सिलिकॉनचाच का नाही करत?

कारण सिलिकॉनची रचना फार सममित आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात दोन शेजारी अणूंच्या बरोबर मध्ये एक बिंदू कल्पा. त्या बिंदूतून प्रत्येक अणू पलीकडे तितक्याच अंतरावर नेऊन ठेवला तरी स्फटिक जसाच्या तसा दिसतो. त्यामुळे धक्का उजवीकडे दिला काय आणि डावीकडे दिला काय, प्रतिसाद तितकाच यायला हवा, फक्त दिशा उलटी.

मुलांना हे फळ्यावर करून दाखवता येतं. धक्का + २ घ्या आणि मग − २ घ्या.

- पहिलं पद : + २ आणि − २. दिशा उलटली. चालेल.
- वर्गाचं पद : ४ आणि ४. दिशा उलटली नाही. चालणार नाही.
- घनाचं पद : + ८ आणि − ८. दिशा उलटली. चालेल.

म्हणजे सममित स्फटिकात 'ख' शून्यच असावा लागतो. वर्गाचं पद गेलं आणि त्याबरोबर दुप्पट वारंवारताही गेली. घनाचं पद मात्र राहतं, म्हणून तिप्पट वारंवारता सिलिकॉनमध्ये निघू शकते. फाटक्या स्पीकरचंही असंच असतं : पडदा दोन्ही बाजूंना सारखाच अडत असेल तर विषम पटींचे सूरच निघतात, एकाच बाजूला अडत असेल तर दुप्पट सूरही येतो.

क्वार्ट्झमध्ये असा सममितीचा मध्यबिंदू नाही, म्हणून फ्रँकेन यांना ठिपका दिसला. सिलिकॉनच्या आत मध्यबिंदू आहे. पण पृष्ठभागावर? तिथे एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला हवा. सममिती तिथे तुटते. म्हणून सिलिकॉनच्या अगदी वरच्या पातळ कातडीतून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश येतो, पण तो फारच क्षीण असतो.

मग पृष्ठभागच वाढवला तर?

४. फसलेल्या पॉलिशमधून आलेला पदार्थ

इथे आपल्या गोष्टीत दुसरा डाग येतो. १९५६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर आणि इंगेबोर्ग उलीर हे दांपत्य सिलिकॉनला विजेच्या साहाय्याने चकचकीत पॉलिश करण्याची रीत शोधत होतं. सिलिकॉनचा तुकडा हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवून त्यातून वीजप्रवाह सोडायचा, असा तो प्रयोग. काही वेळा चकाकी येण्याऐवजी पृष्ठभागावर रंगीत-काळपट थर धरायचा. पॉलिश हवं असणाऱ्याच्या दृष्टीने हा डागच. तो थर म्हणजे असंख्य सूक्ष्म भोकं पडलेलं सिलिकॉन आहे, हे पुढे स्पष्ट झालं.

त्याच्याकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं ते १९९० साली. इंग्लंडमध्ये ली कॅनहॅम यांनी दाखवलं की अतिनील प्रकाश टाकला असता असं सच्छिद्र सिलिकॉन लालसर-नारिंगी चमकतं. साधं सिलिकॉन प्रकाश द्यायला अगदी आळशी, म्हणून ही मोठीच बातमी होती.

हा पदार्थ कसा असतो? जाळीदार अनारसा डोळ्यांसमोर आणा. भोकं भरपूर, तरी अनारसा एकसंध. फक्त इथली भोकं साधारण काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर रुंदीची असतात. प्रकाशाची तरंगलांबी शेकडो नॅनोमीटर, त्यामुळे प्रकाशाला एकेक भोक वेगळं जाणवत नाही. सिलिकॉन आणि हवा यांचं सरासरी मिश्रण असलेलं एकच माध्यम त्याला जाणवतं. पृष्ठभाग मात्र प्रचंड : साखरेच्या खड्याएवढ्या, म्हणजे एक घन सेंटीमीटर आकारमानात शेकडो चौरस मीटर.

तुम्ही म्हणाल, झालं की मग काम! पृष्ठभाग इतका आहे म्हणजे दुप्पट वारंवारताही भरपूर. पण तसं होत नाही. भोकाच्या समोरासमोरच्या भिंती उलट दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे त्यांचे वाटे बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. नुसती भोकं पाडून भागत नाही. आणखी एक युक्ती लागते.

५. थरावर थर : काच न लावता केलेला आरसा

सच्छिद्र सिलिकॉनची एक सोय फार कामाची आहे. वीजप्रवाह कमी ठेवला तर भोकं लहान पडतात, सिलिकॉन जास्त उरतं आणि अपवर्तनांक जास्त येतो. प्रवाह वाढवला तर भोकं मोठी होतात, हवा वाढते आणि अपवर्तनांक कमी होतो. शिवाय आम्ल फक्त भोकाच्या तळाशी खोदत जातं. आधी तयार झालेल्या भिंतींमध्ये वीज वाहून नेणारे कण जवळपास उरलेले नसतात, त्यामुळे वरचा थर बिघडत नाही. म्हणजे प्रवाह कमी-जास्त, कमी-जास्त करत गेलं की एकाच तुकड्यात दाट थर, विरळ थर, दाट थर, विरळ थर अशी चळत आपोआप खाली उतरत जाते.

अशी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी रचना म्हणजे फोटॉनिक स्फटिक. ही कल्पना १९८७ साली एली याब्लोनोविच आणि केरळमध्ये जन्मलेले साजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली. थरांची चळत हा त्याचा सगळ्यात सोपा, एकाच दिशेने पुनरावृत्ती असलेला प्रकार. निसर्गाला अशा रचना केव्हाच साधल्या आहेत. मोरपिसाचा निळा-हिरवा रंग हा निळ्या-हिरव्या रंगद्रव्याचा नसून मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांच्या जाळीदार मांडणीचा आहे.

चळतीचं गणित करून पाहू. दाट थराचा अपवर्तनांक २.० आणि विरळ थराचा १.६ धरू. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश परत फिरवायचा आहे. प्रत्येक थराची जाडी अशी ठेवायची की त्या थरातल्या तरंगलांबीचा चौथा भाग भरेल.

- दाट थर : ८०० ÷ (४ × २.०) = १०० नॅनोमीटर
- विरळ थर : ८०० ÷ (४ × १.६) = १२५ नॅनोमीटर

दोन थरांच्या एका सीमेवरून किती प्रकाश परततो? अपवर्तनांकांतला फरक भागिले बेरीज, आणि त्याचा वर्ग. ०.४ ÷ ३.६ = ०.१११, वर्ग केला तर सुमारे ०.०१२. म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. पण पाव तरंगलांबीच्या जाडीमुळे सगळ्या सीमांवरून परतणाऱ्या लाटा एका तालात येतात आणि एकमेकींना बळ देतात. अशा दहा जोड्या झाल्या की नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फिरतो. चळतीची एकूण जाडी किती? दहा गुणिले २२५, म्हणजे सव्वादोन मायक्रोमीटर. आपल्या केसाच्या जाडीपेक्षा वीस-तीस पटींनी कमी.

या आरशाला ठरावीक पट्ट्यातल्या तरंगलांबीच चालत नाहीत, त्यांना तो आत येऊच देत नाही. त्याला बंदी-पट्टा म्हणू. पट्ट्याबाहेरचा प्रकाश आरामात आरपार जातो.

६. दोन युक्त्या एकत्र आल्या की

आता खरी गंमत. चळतीच्या मध्यभागी एक थर मुद्दाम दुप्पट जाडीचा ठेवला तर? वर आरसा, खाली आरसा आणि मध्ये खोली. बंदी-पट्ट्यातली एकच विशिष्ट तरंगलांबी या खोलीत शिरू शकते, आणि शिरली की आरशांमध्ये बराच वेळ मागे-पुढे फिरत राहते. झोक्याला योग्य क्षणी हलके हलके धक्के दिले की झोका उंच जातो, तशी खोलीतली तीव्रता वाढत जाते.

दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मूळ तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तिप्पट वारंवारतेचा घनाच्या प्रमाणात. म्हणजे आतली तीव्रता १० पट झाली तर दुप्पटीचा प्रकाश १०० पट आणि तिप्पटीचा १००० पट व्हायला हवा. बाहेरचा लेझर तोच, पदार्थही तोच. फक्त रचना बदलली.

दुसरी युक्ती तालाची आहे. लेझीम पथक आठवा. पुढच्या रांगेचा आणि मागच्या रांगेचा ठेका एक असेल तरच आवाज दणदणीत येतो. पदार्थात मूळ प्रकाश आणि त्यातून निघालेला दुप्पट वारंवारतेचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने चालतात. लोलकातून रंग वेगळे होतात त्याचंही कारण हेच. त्यामुळे सुरुवातीला निघालेला नवा प्रकाश आणि थोडं पुढे निघालेला नवा प्रकाश यांचा ताल चुकतो आणि ते एकमेकांना खोडायला लागतात. फोटॉनिक स्फटिकात बंदी-पट्ट्याच्या अगदी काठावर प्रकाशाची चाल बदलते, तो रेंगाळतो. थरांची जाडी नेमकी निवडली तर मूळ प्रकाश आणि नवा प्रकाश यांचा ठेका तिथे जुळवता येतो.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. मॉस्को राज्य विद्यापीठात ओलेग अक्त्सीपेत्रॉव यांच्या गटाने २००१-०२ च्या सुमारास सच्छिद्र सिलिकॉनच्या अशा चळती आणि खोल्या करून मोजमापं घेतली. दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशात शंभर पटीच्या घरात आणि तिप्पटीच्या प्रकाशात हजार पटीच्या घरात वाढ दिसली. वर केलेल्या साध्या हिशेबाशी हे आकडे कसे जुळतात पाहा! ज्या सिलिकॉनमधून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश जेमतेम निघत होता, त्याच सिलिकॉनमध्ये तो नीट मोजण्याएवढा झाला.

यात सममितीचा नियम मोडला का? अजिबात नाही. सिलिकॉनच्या आत 'ख' आजही शून्यच आहे. आपण नियमाची कड शोधली, म्हणजे पृष्ठभाग, आणि तिथे प्रकाश गोळा केला.

७. प्रकाशाने प्रकाशाला वळवणं

घनाच्या पदाचा आणखी एक परिणाम आहे. तीव्र प्रकाशात पदार्थाचा अपवर्तनांकच किंचित बदलतो. याला केर परिणाम म्हणतात. अवरक्त प्रकाशासाठी सिलिकॉनचा हा गुण साध्या काचेपेक्षा शंभर पटींहून जास्त आहे.

अपवर्तनांक बदलला की आपल्या आरशाचा बंदी-पट्टाही सरकतो. समजा एक मंद झोत पट्ट्याच्या काठावर उभा आहे आणि परत फिरतोय. दुसरा जोरदार झोत टाकला, पट्टा किंचित सरकला आणि पहिल्याला वाट मिळाली. एका प्रकाशाने दुसऱ्यासाठी दार उघडलं. विजेऐवजी प्रकाशानेच प्रकाशाची कळ दाबायची, ही कल्पना संशोधकांना भुरळ घालते ती यामुळे.

पण मुलांना एकच बाजू सांगू नका. अडचणीही मोठ्या आहेत.

- दोन फोटॉन एकदम गिळणं. एकट्याने उचलला जात नाही असा हंडा दोघे मिळून उचलतात, तसं दोन फोटॉन मिळून इलेक्ट्रॉनला वर ढकलतात. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ साली हे भाकीत केलं होतं. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिलिकॉनला लागते सुमारे १.१. एक पुरत नाही, दोघांची बेरीज १.६, ती पुरते. मग प्रकाश वाया जातो आणि पदार्थ तापतो.
- स्वतःचंच उत्पन्न गिळणं. ८०० नॅनोमीटरपासून मिळालेला ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सिलिकॉन झपाट्याने शोषतं. वरच्या भागात तयार झालेलाच बाहेर निसटतो.
- नाजूकपणा. भोकांच्या भिंतींवर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो, अपवर्तनांक हळूहळू बदलतो आणि जुळवलेला ताल बिघडतो.

म्हणून हिरव्या लेझरमध्ये आजही वेगळाच, असममित रचनेचा स्फटिक असतो, सच्छिद्र सिलिकॉन नाही. भोकांमध्ये वाफ शिरली की अपवर्तनांक बदलून आरशाचा रंग बदलतो, या साध्या, रेषीय गुणावर वायू आणि रसायनं ओळखणाऱ्या संवेदकांचं काम मात्र पुष्कळ झालं आहे.

८. वर्गात काय करता येईल?

सच्छिद्र सिलिकॉन शाळेत करायचं नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि जिवावर बेतू शकतं. यातला 'विचार' मात्र वर्गात सहज आणता येतो.

१. सरळ आणि वाकडा आलेख. एक स्प्रिंग आणि एक रबर बँड टांगा. सारखे वायसर एकेक वाढवत लांबी मोजा आणि आलेख काढा. स्प्रिंगची रेष बरीच सरळ येईल, रबराची वाकेल. 'रेषीय' आणि 'अरेषीय' हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत.

२. फाटका सूर. एका मोबाईलवर ५०० हर्ट्झचा सूर छोट्या स्पीकरवर वाजवा. दुसऱ्या मोबाईलवर ध्वनीच्या वारंवारता दाखवणारं मोफत ॲप लावा. आवाज हळू असताना एकच मोठं शिखर दिसतं. आवाज वाढवत न्या, १००० आणि १५०० पाशी नवी शिखरं डोकं वर काढतात. मुलं अक्षरशः ओरडतात.

३. काचपट्ट्यांची चळत. सूक्ष्मदर्शकाच्या स्वच्छ काचपट्ट्या घ्या. एक पट्टी आरपार दिसते, वीस पट्ट्या एकावर एक ठेवल्या की स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे चारच टक्के प्रकाश परततो, पण पृष्ठभाग वाढत जातात. इथे लाटा तालात येत नाहीत, म्हणून विशिष्ट रंग निवडला जात नाही, हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

४. सम-विषमचा तक्ता. वरचा + २ आणि − २ चा खेळ १, २, ३, ४, ५ या घातांकांसाठी करायला सांगा. कोणती पदं सममित स्फटिकात टिकतील, हे मुलं स्वतः सांगतील.

पालकांना एक विनंती. जत्रेत किंवा बाजारात मिळणारे हिरवे लेझर मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. स्वस्त लेझरमधून हिरव्याबरोबर न बदललेला अवरक्त प्रकाशही बाहेर येऊ शकतो. तो दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही, आणि इजा मात्र होते.

शेवटी

मी अजूनही ते वाक्य फळ्यावर चौकटीत लिहिते. फक्त आता चौकटीखाली आणखी एक ओळ असते : 'हे साध्या, मंद प्रकाशासाठी. प्रकाश फार तीव्र झाला तर काय होतं, ते ज्याला जाणून घ्यायचंय त्याने मधल्या सुट्टीत यावं.' दरवर्षी दोन-तीन जण येतात. परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत, हे त्यांनाही माहीत असतं.

तो मुलगा मध्यंतरी बाजारात भेटला. आता तो वायरमनचं काम करतो. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझा दादा बरोबर होता. मी चुकले होते." तो आधी गोंधळला, मग आठवलं तसा हसला. म्हणाला, "बाई, मी दादाशीच भांडलो होतो. म्हटलं, बाई सांगतात ते खरं."

त्या वाक्याने मला जास्त लागलं. आपल्या शब्दावर मुलं एवढा विश्वास टाकतात. म्हणून नियम शिकवताना तो कुठवर चालतो तेही सांगू या. आणि मागच्या बाकावरून आलेला एखादा प्रश्न डागासारखा वाटला, तर पुसण्याआधी एकदा निरखून बघू या.